भोंगा वेगळा, पेटी वेगळी

कॅम्प ५, उल्हासनगर
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

हरिचंद्रमामा,

पाया पडतो, मामीच्या पण. मी मजेत. तुमचा बीपी नॉर्मल आहे असं धरून लिहितो. फोन केला असता तर तुम्ही अर्ध्यातच कट केला असता.

तर तुमचा फोनो, आजोबांचा तो ग्रामोफोन. तुम्ही विकायला दिलेला, तो आमच्या दुकानाच्या शेठने रविवारी लिलावात काढला. वाजणारा फोनो अख्खा विकतात, मुका असेल तर फोडून. सुई बसते तो साउंडबॉक्सच नाय, मग भोंगा वेगळा, मोटर वेगळी, पेटी वेगळी. चिठ्ठ्या मीच चिकटवल्या. भोंग्यावर डिंक जरा जास्त झाला.

एक हॉटेलवाला भोंग्यावर बोली लावत होता. बोलला, "इसमें बल्ब डालूंगा." आजोबांचा भोंगा, गावातली प्रत्येक हळद त्यावर वाजली, आणि त्यात बल्ब! माझं डोकं सटकलं. खिशातनं साउंडबॉक्स काढला, बसवला, किल्ली फिरवली, तबकडी लावली. मामा, वाजला! खरखरत, पण वाजला.

शेठ ओरडला, "अरे, ये किधर था?"

तेच लिहायचं होतं. सुषमाताईच्या हळदीत मीच काढलेला. गंमत म्हणून. तुम्ही शोधाल, मग मी कणगीतनं काढीन, सगळे हसतील. पण तुम्ही भर मांडवात चोर म्हणून तुमच्या जिगरी दोस्ताचं, भीमाकाकांचं नाव घेतलंत. ते ताटावरनं उठून गेले, ते परत तुमच्या दारात आलेच नाय. मी तेरा वर्षांचा, माझी फाटली. आठ वर्षं मोज्यात गुंडाळून ठेवला. रविवारी सकाळी खिशात का टाकला, माहीत नाय.

शेठ बोलला, "अब पूरा बेचेंगे." म्हटलं, मालक नाय म्हणतो. "मालिक किधर है?" म्हटलं, वांगणीला, सध्या माझ्या तोंडनं बोलतोय. हातोडा पडेपर्यंत माल मागं घेता येतो, त्याचाच नियम. जाम शिव्या घातल्या, पण पेटी रिक्षात त्यानेच ठेवली. तुम्हाला न विचारता केलं, हा दुसरा गुन्हा.

काल बदलापूरला भीमाकाकांकडं जाऊन सगळं सांगितलं. एक सणसणीत कानाखाली दिली. मग विचारलं, "हरी कसा आहे?" दोनदा विचारलं.

रविवारी फोनो घेऊन येतो. काका पण येतायत. पण बोलले, हरीने हाक मारली तरच आत येईन. आम्ही फाटकाबाहेर उभे राहू. तुम्ही फक्त बाहेर या आणि हाक मारा. मला नंतर सावकाश मारा, पळणार नाय.

चोर घरातलाच होता, मामा.

तुमचा भाचा,
दिपेश