रविवारच्या पत्राचा तास

३ जानेवारी, रविवार

आजही फळ्यावरचं पत्र मीच लिहिलं. "सा. न. वि. वि. मी इथे खुशाल आहे. अभ्यास चांगला चालला आहे. जेवण वेळेवर मिळते. काळजी नसावी." साठ जणींनी माना खाली घालून ते उतरवलं. साठ आया आणि पत्र एकच! त्याखाली स्वतःची एखादी ओळ घालता येते, पण ती वसतिगृहाच्या रेक्टरबाई आधी वाचतात. घरच्यांच्या जिवाला घोर लावायला पत्रं नसतात, असं त्यांचं म्हणणं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून फळा माझ्याकडे. बाईंनी तपासलेली पत्रं लिफाफ्यात घालून चिकटवायचं कामही माझ्याकडे. आणि पहिलीतल्या पिटुकलीचं पत्रसुद्धा माझ्याच गळ्यात, कारण तिला अजून लिहिता येत नाही. ती माझ्या कानाशी लागली. म्हणाली, आईला लिही, मला इथं झोप येत नाही, मला घेऊन जा. मी लिहिलं — मी इथे खुशाल आहे. "लिहिलंस?" तिने विचारलं. हो म्हटलं. उड्या मारत गेली.

५ जानेवारी, मंगळवार

निबंध परत मिळाला. 'माझी आई'. दहापैकी चार!! मला!

वात्सल्याचा सागर घातला होता, मायेची सावली घातली होती, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. भाषेच्या बाई म्हणाल्या, "अक्षर मोत्यासारखं आहे. पण ही आई कुणाचीही चालेल. तुझी कुठे आहे यात?" वर्ग हसला. कान गरम झाले.

तास संपल्यावर बाईंनी ही वही दिली. रोज लिही म्हणाल्या. कुणाला दाखवू नकोस, मलाही नको. फक्त खरं लिही.

खरं काय लिहू? माझी आई कपडे शिवते. बोटाला अंगुस्तान घालत नाही आणि टोचलं की सुईला शिव्या देते. तिला लिहिता-वाचता येत नाही. बाबा गेल्यापासून आम्ही काका-काकीकडे राहतो. माझं पत्र काकी तिला वाचून दाखवते, मग आई सांगते आणि काकी लिहिते. हे असलं निबंधात घालतात होय?

१५ जानेवारी, शुक्रवार

आईचं पत्र! तिची पत्रं शुक्रवारी येतात. "तू खुशाल आहेस हे ऐकून ऐकून माझे कान किटले. दुसरं काही सुचत नाही का? एवढी फी भरून हेच शिकवतात? केस विंचरतेस का डोक्याचं घरटं केलंयस?" काकी अगदी जसंच्या तसं लिहिते, बोलण्यासकट. जिन्यात बसून एकटीच खदाखदा हसले.

खोकल्याबद्दल काही नाही. सुट्टीत फार खोकत होती. विचारलं की म्हणायची, धाग्याची धूळ गं.

२४ जानेवारी, रविवार

फळ्याखाली माझी एक ओळ घातली — गणितात वर्गात पहिली आले, ८१. रेक्टरबाईंनी ती ठेवली. चांगली बातमी चालते.

२९ जानेवारी, शुक्रवार

पत्र आलं. म्हणे, "गणितात कमी पडले तर रडत बसू नकोस. बिघडत नाही." अहो, पहिली आले ना मी! काकीने वाचलंच नाही, का आईने ऐकलंच नाही?

५ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा तेच. खोकला कसा आहे म्हणून विचारलं होतं. उत्तर काय, तर स्वेटर धुऊन ठेव आणि मैत्रिणींशी भांडू नकोस. केसांवरून बोलणं नाही, टोमणा नाही. इतकी गोड आई कधी होती? कुणीतरी तिलाही फळ्यावरचा मजकूर दिलाय वाटतं.

७ फेब्रुवारी, रविवार

पिटुकली आता अक्षरं लावते. आज मी पत्र लिहीत होते तर कागदावर बोट ठेवून विचारते, "ताई, यात झोप कुठे आहे?" तिने एकेक शब्द शोधला. सापडला नाही. मग माझ्याकडे नुसतं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लिफाफे चिकटवताना तिचं तपासलेलं पत्र काढून घेतलं आणि दुसरं घातलं. ती सांगते तस्सं लिहिलेलं. घाईघाईत अक्षर बिघडलं. बिघडू दे.

१३ फेब्रुवारी, शनिवार

पिटुकलीची आई आली! पावाच्या भट्टीवरून तशीच आलेली, कोपरापर्यंत पीठ. रेक्टरबाईंना म्हणाली, घरी अडचण आहे, पोरीला नेते. पत्राचं नावही काढलं नाही. जाताना माझ्यापाशी थांबली. पिटुकलीने सांगितलं असणार. माझ्या पाठीवरून हात फिरवला. फ्रॉकवर पाच बोटं उमटली. झटकली नाहीत मी.

म्हणजे लिहिलं की आई येते! इतकं सोपं होतं? आणि मी पाच वर्षं काय लिहितेय, तर जेवण वेळेवर मिळते.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज माझंही पत्र बदललं. पाच वर्षांतलं पहिलं माझं पत्र.

"आई, तू माझी पत्रं ऐकतेस तरी का? मी विचारते एक, तू सांगतेस भलतंच. मला चार दिवस ताप होता, ते कळवू दिलं नाही. पेपर जवळ आले की पोटात गोळा येतो. मला तू हवी आहेस. अठ्ठावीसला भेटीचा दिवस आहे, ये. यायचं नसेल तर ही गोड गोड पत्रंही पाठवू नकोस."

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र आलं, पण माझ्या पत्राचं उत्तर नव्हे. वाटेत चुकामूक झाली असेल.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

"पेपरला उपाशी जाऊ नकोस. दोन पेनं ने." बस्स. माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडले. इतकं लिहिल्यावर दगडालाही पाझर फुटला असता.

२८ फेब्रुवारी, रविवार

फाटकाशी उभी होते. दहा ते पाच. सगळ्यांचं कुणी ना कुणी आलं.

५ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. काकीचं अक्षर लांबूनच ओळखलं. उघडलंच नाही. टराटरा फाडलं आणि अंघोळीच्या बंबात टाकलं. चांगली जिरली! बरं वाटलं.

खरं लिहायचं ठरलंय ना. बरं नाही वाटलं.

९ मार्च, मंगळवार

भाषेचा पेपर. निबंधाला तीन विषय होते, मी 'आवडती व्यक्ती' घेतला. सागर नाही, सावली नाही. आई मशीनवर बसलीय, दातात धागा धरून माझ्यावर ओरडतेय, असं सुरू केलं. मग हात थांबेचना. पुरवण्या मागाव्या लागल्या. तिच्यावर एवढी रागावलेली असूनही लिहिताना सारखं हसू येत होतं. लिहिणं म्हणजे हे होय! इतकी वर्षं मी नुसतं अक्षर काढत होते.

उद्या शेवटचा पेपर. घरी गेले की पहिला अबोला धरणार. एक दिवस. मग हा निबंध आठवेल तसा तिला सांगणार.

१० मार्च, बुधवार

न्यायला काकी आली. एकटी.

आई २३ जानेवारीला गेली. पेपर होईपर्यंत पोरीला कळवायचं नाही, अशी काकीला शपथ घातली होती. जायच्या आधी दोन दिवस उशीला टेकून तिने सहा पत्रं सांगून ठेवली. दर आठवड्याला एक टाकायचं. काकीने टाकली.

शेवटच्या पत्रात काय होतं, मी काकीला विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं.

"रडत रडत लिहिली गं सगळी," काकी म्हणाली. "कुठल्यात काय होतं, आता काही आठवत नाही."