ओडमला आणावं का?

एरी,
१२ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
बर्नीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावरून आपलं भांडण होतं, म्हणून पत्र. आईचा खोकला बरा आहे. औषध घेतलं असं ती सांगते, बाटली मात्र भरलेली दिसते.

आता कामाचं. हे घराबाहेर जाऊ देऊ नका, न्हाव्याच्या दुकानात तर मुळीच नाही. आमच्या फुटबॉल संघाचे मुख्य व्यवस्थापक हॉलग्रेन हे टेरिल ओडमला आणायचा विचार करताहेत. हो, तुमचाच टेरिल. गेल्या मोसमात समोरचा क्वार्टरबॅक आमच्यापुढे निवांत उभा राहून चेंडू फेकायचा. त्याच्या अंगावर धावून जाऊन त्याला पाडेल असा आमच्याकडे कोणी नव्हता. त्यामुळे सगळ्या शहराला टेरिल हवाय. पण पश्चिमेकडचा त्याचा संघ बदल्यात नव्या खेळाडूंच्या निवडीतला आमचा पहिला नंबर मागतोय, तोही दोन वर्षांचा, आणि वर लुकास टाफोया. शिवाय टेरिलचा पगार असा की तो द्यायचा तर आणखी दोघातिघांना नारळ द्यावा लागेल.

लुकासला न्यू मेक्सिकोतल्या एका कोपऱ्यातल्या कॉलेजातून मी शोधून आणलं. म्हणजे माझं मन या बाबतीत स्वच्छ नाही, हे आधीच कबूल करते.

आम्हा चार खेळाडू पारखणाऱ्यांकडून हॉलग्रेननी एकेक पान मागितलंय, आणावं की नाही. टेरिल तिशीचा झाला. त्याआधीच्या मोसमात त्याने सतरा वेळा क्वार्टरबॅकला पाडलं, गेल्या मोसमात सहा वेळा. बाकीचे म्हणतात, पाय गेले. मी सगळे सामने पुन्हा पाहिले. ऑक्टोबरच्या मध्यापासून तो बाहेरून धावायच्या आधी एक पाऊल आत टाकतो. तेवढ्यात क्वार्टरबॅक निसटतो. थकलेला माणूस हळू होईल, पण तो भलतीकडे पाऊल का टाकेल? चार वर्षं तुम्ही त्याला शाळेच्या संघात शिकवलंत. हे पाऊल तुमचं का?

प्रकृतीला जपा, आणि माझ्यावर आहे तो जीव तसाच राहू द्या.

तुमची,
बर्नी

---

मोनेसेन,
१९ फेब्रुवारी

चि. बर्नीस अनेक आशीर्वाद.

ते पाऊल माझं नाही. असलं पाऊल टाकलं असतं तर मी त्याला मैदानाला दहा चकरा मारायला लावल्या असत्या, आणि त्याने बारा मारून दाखवल्या असत्या. तो तसाच होता. पंधराव्या वर्षी एकदा मला म्हणाला की तुमची चाल चुकतेय. मी तापलो. घरी येऊन कागदावर मांडली, तर चुकत होती.

त्याला आणावं का हे मला विचारू नकोस. मी डोळे मिटून हो म्हणेन, आणि तुला डोळे उघडे असलेला माणूस हवाय. पण त्या पावलाने माझीही झोप उडवली. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला टेरिलची आई व्हर्नेल भेटली. तिचं चर्च दुसरं, पण ईस्टरआधीच्या बिनमांसाच्या उपासात मासे आमच्याकडचे खाते. ती सांगत होती की टेरिल पुढच्या आठवड्यात येतोय, व्हरांड्याच्या फळ्या बदलायला. सुतार बोलावू नकोस म्हणून त्याने तिला दम दिलाय. बघू.

तुझ्या आईला सांग, बाटली उघडली तरच खोकला जातो. बाकी सर्व क्षेम. आठवणीने लिहीत जा.

आजोबा

---

एरी,
२७ फेब्रुवारी

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच धास्ती वाटली. कृपा करून टेरिलशी बदलीबद्दल अवाक्षरही काढू नका. दुसऱ्या संघाच्या खेळाडूशी आमच्या बाजूने कोणी आधी बोललं तर नियमात बसत नाही, आणि तुम्ही माझे आजोबा आहात हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

इकडे मी खांदा पाहिला, नजर पाहिली, जुन्या दुखापतींचे कागद पाहिले. कुठेही काही नाही. पाहावं तितकं कोडं वाढतंय. बाकीच्या तिघांची पानं गेली. दोघांचं नाही, एकाचं हो. आज लुकास व्यायाम आटोपून माझ्या टेबलापाशी आला आणि आईने पाठवलेली सुकी मिरची ठेवून गेला. त्याला काहीच माहीत नाही. मला मान वर करवेना.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.

बर्नी

---

मोनेसेन,
४ मार्च

चि. बर्नीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं आणि मी शुक्रवारीच व्हर्नेलच्या दारात जाऊन बसलो होतो. घाबरू नकोस. बदलीचं नावही काढलं नाही. फक्त मास्तर म्हणून विचारलं की हे आतलं पाऊल कुठून शिकलास.

टेरिल फळी कापत होता, मी दुसरं टोक धरलं होतं. तो हसला. म्हणाला, मास्तर, कान गेले पण नजर शाबूत आहे. ती नजर माझ्या नातीची आहे, हे मी सांगितलं नाही. दोन फळ्या ठोकून झाल्या, तेव्हा सांगितलं. कोणाला सांगणार नाही असा शब्द आधी घेतला. मी दिला.

तेव्हा बये, ते तुला माझ्याकडून कळणार नाही. एवढंच सांगतो की पाय गेलेला माणूस ओल्या ओकच्या फळ्या चार-चार खांद्यावर टाकून पायऱ्या चढत नाही. आणि एक शिकवणूक, जी मी तुलाही दिली असती. तू महिनाभर त्याच्याकडेच पाहते आहेस. आता त्याच्याकडे पाहणं थांबव.

एवढं लिहिणंसुद्धा शब्द मोडण्यात जमा होतं की काय, हे ठरेना. दोनदा पाकीट फोडलं, दोनदा चिकटवलं. शेवटी पाठवतो आहे.

तुझा,
आजोबा

---

एरी,
१५ मार्च

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

सापडलं. तुम्ही शब्द मोडला नाहीत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

टेरिलच्या शेजारी एझ्रा पुलियम खेळतो, चौतीस वर्षांचा. नऊ वर्षं दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहताहेत. ऑक्टोबरपासून एझ्राच्या उजव्या गुडघ्यात जोर नाही. समोरून दोघे अंगावर आले की तो मागे रेटला जातो आणि तिथे भगदाड पडतं. ते पडायच्या आत टेरिल पाऊल आत टाकून बुजवतो, मग आपल्या कामाला धावतो आणि उशीर होतो. स्वतःचं नाव घालवून त्याने एझ्राची जागा राखली. एझ्रा बाकावर बसला असे एकतीस डाव सापडले. त्या एकतीसांत टेरिल सरळ बाहेरून सुटतो, आधीच्या मोसमातल्याच वेगाने.

हे कारण लिहिलं तर त्या गुडघ्याची बातमी पसरणार आणि एझ्राला त्याचा संघ उद्या घरी पाठवणार. म्हणून मी पानावर एवढंच लिहिलं की आणावं, लुकास देऊन आणावं, आणि ते एकतीस डाव पाहावेत. हॉलग्रेननी बोलावून विचारलं की या एकतीस डावांत वेगळं काय आहे. मी म्हणाले, मला माहीत आहे, पण सांगणार नाही. नोकरी गेली असंच वाटलं. ते पानाकडे पाहत राहिले. मग विचारलं की लुकासला शोधून आणणारी मीच ना. मी हो म्हटलं. "मग एवढं पुरे," ते म्हणाले.

काल व्यवहार झाला. लुकासला मी स्वतः सांगितलं. त्याने विचारलं की तिथून त्याचं घर किती तासांवर आहे. सात, मी म्हटलं. म्हणजे आई गाडी घेऊन सामन्याला येऊ शकेल, असं तो म्हणाला आणि मलाच धीर देऊन गेला.

पण एझ्राचं काय होईल? त्याच्या शेजारचा माणूस मीच काढून आणला. आशीर्वाद असू द्या, या वेळी जरा जास्त.

बर्नी

---

मोनेसेन,
२१ मार्च

चि. बर्नीस अनेक आशीर्वाद, मागितलेस तितके.

टेरिल काल एरीला निघण्याआधी येऊन गेला. माझ्या पायरीवर बसला आणि उठेचना. बदली झाल्याबरोबर त्याने एझ्राला फोन केला होता. बोलला एझ्राच.

एझ्राला ऑक्टोबरपासूनच ठाऊक होतं. दर डावाला ते पाऊल त्याला शेजारी पडताना दिसायचं. नाताळात खेळ सोडायचं त्याच्या मनात होतं, पण टेरिलने आपल्यापायी अख्खं वर्ष घालवलं, आता आपण सोडून गेलो तर तो कशासाठी घालवलं म्हणेल, म्हणून गुडघा बांधून उभा राहिला. "तू गेलास ते बरं झालं, आता मला थांबता येईल," असं तो टेरिलला म्हणाला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून घेतोय. हे सांगताना टेरिल आधी हसत होता, मग हसत नव्हता. मी आत जाऊन उगाच कॉफी गरम करत बसलो.

जाताना त्याने विचारलं की ते पाऊल एरीत कोणी ओळखलं. मी म्हटलं, नातीने. तो म्हणाला की तिला सांगा, तिने टाकाऊ माल घेतलेला नाही, पण एक खोट आहे. ते पाऊल आता अंगात बसलंय. नव्या शेजाऱ्याचे गुडघे धडधाकट असले तरी ते आतच पडेल की सरळ, हे त्याला सांगता येत नाही. मलाही नाही. ऑगस्टात सराव सुरू झाला की तू कडेला उभी राहा, त्याच्या पायांकडे बघ आणि मला लिही.

इथेच थांबतो. माया आहे तशीच आहे.

तुझा,
आजोबा