सक्तीची रजा आणि फाटका बनियन

मंगळवार, ५ मार्च

साहेब म्हणाले, "तीन आठवडे विश्रांती घ्या." म्हटलं, मला काही झालेलं नाही. "आम्हाला होतंय ना," म्हणाले आणि स्वतःच हसले. चहाही मागवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कारण एकच. त्या आठ मजली इमारतीची लिफ्ट. मजल्यावर थांबते, दार उघडतं, आणि मग बोटाच्या जाडीएवढी सरकते. एकवीस वर्षं लिफ्टच तपासते आहे मी. ब्रेक झिजलाय हे कळायला मला चष्मा लागत नाही. सुरक्षिततेचा दाखला दिला नाही. देखभालीचं काम साहेबांच्या मेव्हण्याकडे आहे. आता तिथे आमच्या ऑफिसातला चष्मेवाला पोरगा जाईल. त्याला काम मीच शिकवलं.

तीन वाजता घरी आले. या वेळी आपल्या घरात ऊन कुठे येतं हेही माहीत नव्हतं.

बुधवार, ६ मार्च

दोन कपाटं आवरली. तिसरं उघडलं आणि तसंच बंद केलं. हाताला काम नाही म्हणजे हात नुसते लोंबतात.

मग लावलाच एक.

इथे लिहायला हरकत नाही. नव्वदीतले ते स्वस्तातले मारधाडीचे सिनेमे – मला फार आवडतात. एकोणिसाव्या वर्षापासून. फाटक्या बनियनातला हीरो, रिकाम्या खोक्यांनी भरलेलं गोदाम, पांढऱ्या सुटातला व्हिलन. तो गोळी घालायच्या आधी सगळा बेत समजावून सांगतो, तोवर हीरो हाताची दोरी सोडवतो. एकच स्फोट तीन बाजूंनी दाखवतात, पैसा वसूल. एक निळी गाडी मी दोन वेगवेगळ्या सिनेमांत एकाच कड्यावरून पडताना पाहिली आहे. आवाज आपल्या भाषेत आणि ओठ भलतीकडेच.

लग्नाला चोवीस वर्षं झाली. नवऱ्याला पत्ता नाही. तो कॉलेजात शिकवतो, रविवारी चार मित्र जमवून सिनेमे दाखवतो. त्याच्या सिनेमांत एक बाई वीस मिनिटं खिडकीबाहेर बघते. मग आणखी एक बाई येते, तीही बघते. मी शेजारी बसून मान डोलावते आणि मनात कुणीतरी काच फोडून आत येण्याची वाट बघते.

शुक्रवार, ८ मार्च

पकडले गेले. तेही लिफ्टच्या सीनला.

व्हिलनने दोर कापला, लिफ्ट वीस मजले खाली, हीरो शेवटच्या क्षणी उडी मारतो. मी मोठ्याने म्हटलं, "खोटं आहे हे. दोर तुटला तरी लिफ्टची गाडी बाजूच्या रुळांना गच्च धरते."

"आणि ब्रेक गेला तर?"

दारात नणंदबाई. वॉकर धरून उभ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर आमच्याकडेच आहेत. पस्तीस वर्षं नर्स होत्या, चाहूल लागू न देता येण्याची सवय जात नाही.

"ब्रेक गेला तर पडत नाही, ताई. वर जाते. दोराच्या पलीकडच्या टोकाचं वजन जड असतं ना. दार उघडं, माणूस आत पाय टाकतोय, आणि गाडी निघते."

त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, "सरक तिकडे. आणि पहिल्यापासून लाव."

शनिवार, ९ मार्च

आज दोन पाहिले. नणंदबाईंचं लक्ष जखमांवर. "दंडातून गोळी गेलीय आणि हा त्याच हाताने दोरीला लोंबकळतोय. माझ्या वॉर्डात असता तर बांधून ठेवला असता." पण खुर्चीच्या टोकाला येऊन बसलेल्या.

सोमवार, ११ मार्च

झोप नाही लागली. चष्मेवाला गेला असेल का?

एक गोष्ट आधी कधी लक्षात आली नव्हती. प्रत्येक सिनेमात पहिल्या वीस मिनिटांत हीरोला घरी बसवतात. वरिष्ठ म्हणतो, बिल्ला टेबलावर ठेव. तो ठेवतो, आणि दाराबाहेर पाऊल पडताक्षणी कामाला लागतो. मला घरी बसवून सहा दिवस झाले. मी उश्यांचे अभ्रे बदललेत.

नणंदबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतं ते कधी दाखवतात का? मग." आणि पुढे, "पण वहिनी, तू काहीतरी कर. दिवसभर चपला घालतेस आणि काढतेस. मला ऐकू येतं."

मंगळवार, १२ मार्च

काही नाही. चपला घातल्या. काढल्या.

गुरुवार, १४ मार्च

गेले.

इमारतीच्या रखवालदाराने ओळखलं, खुर्ची दिली. सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. गृहस्थ बरे आहेत. म्हणाले, "मॅडम, आता काय? दाखला मिळाला की." भिंतीवर चौकटीत लावलेला. मंगळवारची तारीख, चष्मेवाल्याची सही. अक्षर सुबक आहे त्याचं, ते मी शिकवलेलं नाही.

लिफ्टने वर गेले, खाली आले. प्रत्येक मजल्यावर थांबले. सातव्यावर दार उघडल्यावर गाडी दोन बोटं वर सरकली. गेल्या वेळी एकच बोट सरकली होती.

सेक्रेटरींना म्हटलं, बंद ठेवा. ते म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून? तुम्ही तर रजेवर आहात असं कळलं." आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. सिनेमात अशा वेळी हीरो कॉलर धरतो. मी पाणी प्यायले आणि जिन्याने… नाही, तळमजल्यावरच होते, तशीच निघाले.

रविवार, १७ मार्च

मुख्य कार्यालयाला पत्र लिहितेय. तीन दिवस. पहिला मसुदा चार पानी, त्यात माझी एकवीस वर्षं, माझा स्वाभिमान, साहेबांचा मेव्हणा, सगळंच आलं. नणंदबाईंनी वाचला. "रोग्याला काय होतंय ते शेवटच्या पानावर आहे," म्हणाल्या.

शेवटी अकरा ओळी. दोन बोटं. सातवा मजला. दार उघडं असताना. तारीख, वेळ, सही.

चष्मेवाल्याचं नाव घालावं लागलं. त्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ आहे.

सोमवार, १८ मार्च

पाठवलं. ही नोकरी गेली तर या वयात मला कोण घेणार?

दुपारी नेहमीप्रमाणे लावला. हीरोचा मित्र निवृत्तीला दोन दिवस असताना मरतो. आम्ही दोघींनी त्याला पहिल्याच मिनिटाला ओळखलं – बायकोचा फोटो पाकिटातून काढला तेव्हाच. एरवी हसले असते.

बुधवार, २० मार्च

नवरा दुपारी अचानक घरी. कॉलेज लवकर सुटलं. पडद्यावर हेलिकॉप्टर, पुढच्याच क्षणी ते खेळण्यातलं, मग स्फोट. बंद करायला गेले तर रिमोट नणंदबाईंच्या वॉकरखाली.

तो बॅग न काढता उभा. "हे काय चाललंय?"

"तुझ्या बायकोला औषध चालू आहे," नणंदबाई म्हणाल्या. "दिवसातून दोनदा. बैस किंवा आत जा, मधे उभा राहू नकोस."

बसला. दहा मिनिटांनी विचारलं, "तो पांढऱ्या सुटातला सगळं सांगत का बसलाय?" मी म्हटलं, कारण त्याचं ऐकणारं घरात कुणी नसेल. तो माझ्याकडे बघत राहिला. चोवीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं त्याने. शेवटपर्यंत बसला. "वाईट आहे," म्हणाला. "उद्या कुठला?"

मग त्याला सगळं सांगितलं – साहेब, लिफ्ट, पत्र. पंधरा दिवस तो समजत होता, मी खरंच दमले आहे.

शुक्रवार, २२ मार्च

मुख्य कार्यालयाचे तिघं आले. मलाही बोलावलं. माझ्यासमोर ब्रेक उघडला. एका बाजूचं अस्तर तडकलेलं, दुसरी बाजू तेलाने माखलेली. मेकॅनिकने बोटाने पुसून दाखवलं आणि म्हणाला, "या लिफ्टने आणखी आठवडा काढला नसता." लिफ्टला सील ठोकलं.

जिन्याने आठ मजले उतरले. काच फोडून बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. हे फक्त इथेच लिहिते.

चष्मेवाल्याचा फोन आला. "मॅडम, मी वर गेलोच नव्हतो. सही खाली बसून केली." रडत होता. मी काय बोलले आठवत नाही. रागावले नाही एवढं नक्की.

सोमवार, २५ मार्च

पुन्हा कामावर. साहेबांची खुर्ची रिकामी, चौकशी होईपर्यंत. कुणी पेढे मागतात, कुणी डोळे चुकवतात. घरी आले तर नवरा आणि नणंदबाई माझ्याविना सिनेमा लावून बसलेले.

शनिवार, ३० मार्च

पाचव्या मजल्यावरच्या बाईंचा फोन. नंबर रखवालदाराने दिला. "तुम्हीच का त्या, लिफ्ट बंद करणाऱ्या?" भांडायला केलाय असं वाटलं. पण नाही. त्यांच्या यजमानांचं डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. दोनदा शेजाऱ्यांनी खुर्चीतून खाली नेलं. आता शेजारीही दमले. "कधी सुरू होईल एवढंच सांगा."

नवीन भाग यायला महिना आहे. तळमजल्यावर तेवढ्यापुरती खोली मिळते का, विचारलं. मिळत नाही, त्यांनी सगळं विचारून झालंय.

मी म्हटलं, मंगळवारी मी येते.

मंगळवार, २ एप्रिल

मी, नवरा, सेक्रेटरी आणि रखवालदार. काका उंच, हाडं तेवढी उरलीत, तरी खुर्चीत जड लागतात. पाच मजले, प्रत्येक वळणावर थांबत. चौथ्यावर मला म्हणाले, "मॅडम, या जिन्याचा दाखला दिलात का?" सगळे हसलो, खुर्ची हलली, काकू ओरडल्या.

बरोबरच केलं मी. नवरा म्हणतो, नणंदबाईही म्हणतात. ब्रेक मी डोळ्यांनी पाहिलाय. तरी घरी आल्यापासून या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

शुक्रवार, ५ एप्रिल

काका वारले. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. खुर्चीचा पुढचा डावा पाय माझ्या हातात होता.