माळ्यावर न चढलेले डबे

भाट्ये, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२६

चि. रेणुका,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण मास्तरकी केलेल्या माणसाचे गुडघे ते, कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर जास्तच बोलतात. चिपळूणचं घर विकून इथे आल्यापासून हवा मानवली आहे. काल तुमच्या घटस्फोटाचे कागद आले. अभयने ते न वाचताच कपाटात टाकले आणि मासे आणायला गेला.

आता तू या घरची सून नाहीस, तेव्हा सांगायला हरकत नाही. हरकत आहे, पण सांगतो.

तुझ्या प्रबंधातला तो शब्द मला अजून आठवतो. स्नुखा. दीड हजार वर्षांपूर्वीचे स्लाव लोक सुनेला म्हणत तो. एकेक शब्द तू एकेका कार्डावर उतरवायचीस, आणि याच्या आधी एक तारा काढायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "बाबा, तारा म्हणजे हा शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही. लेकरांच्या तोंडावळ्यावरून आईचा चेहरा काढायचा." लेकरं म्हणजे रशियन स्नोखा, बल्गेरियन स्नाखा. आणि लांबची चुलत बहीण म्हणजे आपली सून. मला फार कौतुक वाटलं होतं. बोललो मात्र भलतंच, "शब्दाचे वंशज मोजतेस, आमच्या घराला वंशज कधी?" तू माझं ताट वाढत होतीस. वाढत राहिलीस.

२०२१च्या पुराच्या दिवशी तू पुण्याला गाईडकडे होतीस. सकाळी फोन केलास, "बाबा, माझे कार्डांचे डबे तेवढे माळ्यावर टाका." बिस्किटांचे पत्र्याचे सात डबे, आठ वर्षांचं काम. मी म्हटलं, टाकतो.

पाणी एकदम आलं, असं मी तुला सांगितलं. तसं नव्हतं. पाणी ओटीवर चढायला चांगला तासभर होता. देव वर गेले, तांदूळ गेले, तुझ्या कैलासवासी सासूच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा गेल्या. शेजारचा महिपत दारात येऊन म्हणाला, "गुरुजी, आजून टायम हाय. काय ऱ्हायला आसंल तर द्या, मी चढवतो." डबे माझ्या पायाशी होते. मी म्हटलं, "काही नाही राहिलं." मनात म्हटलं, जाऊ देत, मग तरी ही घराकडे बघेल.

चिखलातून डबे काढले तेव्हा आत नुसतं निळं पाणी होतं. बल्गेरियातल्या त्या म्हातारीने तुला सांगितलेले जुने शब्द सगळे त्यातच होते, आणि ती तर आधीच वारली होती. तू प्रबंध सोडलास, मग बोलणं, मग घर.

क्षमा कर असं लिहीत नाही. केलीस तरी ते काम परत येणार नाही. आठवले ते शब्द एका कार्डावर लिहून सोबत पाठवतो. चारच आठवले, त्यातलाही एखादा चुकला असेल.

डबे गेल्याचं सांगितलं तेव्हा फोनवर तू म्हणालीस, "डबे गेले तर गेले, बाबा. तुम्ही सुखरूप आहात ना?" आणि मी रडलो. तुला वाटलं, पुराला घाबरलो.

खाली नेहमीसारखं 'तुझे बाबा' लिहायला हात धजत नाही.

हरिश्चंद्र