सहावं नाव

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ११
शाळेच्या ग्रुपवर मेसेज. आमच्या कॉन्व्हेंटला चाळीस वर्षं झाली म्हणून ३१ तारखेला कर्तबगार माजी विद्यार्थिनींचा सत्कार. नावं सुचवायला गूगल फॉर्म. मी माझंच सुचवलं. दुसरं कोणी सुचवेल म्हणून वाट बघण्यात वेळ कशाला घालवा? 'कर्तृत्व, पाचशे शब्दांत' असा रकाना आहे. शहाण्णवची दहावी, बी.कॉम., बँकेत चार वर्षं, सोसायटीची सहसचिव, रांगोळी स्पर्धेत दुसरी. अकरा शब्द झाले. बाकीचे दुपारी.

दुपारी ४
रांगोळीच्या आधी 'भव्य' घातलं. बारा.

६ जानेवारी
खरं कारण लिहूनच ठेवते, इथे कोण वाचतंय! परवा सईने एंट्रन्सचा फॉर्म भरला. 'मदर्स ऑक्युपेशन'समोर टाइप केलं, निल. विचारलं तर म्हणाली, चिल मम्मा, कोणी वाचत नाही ते. मी वाचलं ना. वीस वर्षं घर सांभाळलं ते निल. एकदा, फक्त एकदा, स्टेजवरून माझं नाव पुकारलं जावं आणि सईने ते ऐकावं. बाकी काही नको.

ता.क. कार्यक्रमासाठी व्हॉलंटिअर हवेत म्हणून दुसरा एक फॉर्म आला. नम्रता दिसावी म्हणून तोही भरला.

१४ जानेवारी
फोन आला! प्रिन्सिपल सिस्टर ॲग्नेला स्वतः! फॉर्म मिळाला म्हणाल्या, ३१ला पूर्ण वेळ तू स्टेजवर लागशील, रिहर्सलला ये. कोणता फॉर्म मिळाला ते मी विचारलं नाही. बरं दिसत नाही. आशुतोष म्हणाला, विचारून घे. नवऱ्यांना बायकोचं चांगलं झालेलं बघवत नाही.

तिळगूळ बिघडला. आज माफ आहे.

१८ जानेवारी
निमंत्रणपत्रिका आली. सत्कारमूर्ती पाच. माझं नाव नाही. दोनदा वाचली. मग लक्षात आलं, सहावं नाव सरप्राइज ठेवलं असणार. पाच म्हणजे काय आकडा आहे?

शेवटचं नाव डॉ. सुचिता कोळी. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली. खाडीच्या पाण्यावर संशोधन करते, परदेशात वगैरे जाते. आठवीत माझ्या बाकावर होती. दप्तराला सुक्या बोंबलांचा वास येतो, असं टीचरना सांगून मी बाक बदलून घेतला होता. लहान होते. तिला आठवत नसणार.

भाषण तयार करायला घेतलं. 'आदरणीय सिस्टर'पर्यंत पाठ झालंय.

२४ जानेवारी
रिहर्सल. सत्कारमूर्तींना ड्रेसकोड आहे, क्रीम साडी, लाल काठ. तशा साडीत आम्ही चौघीच होतो. सुचिता वगैरे मंडळी आली नाहीत. मोठ्या लोकांना शिस्त नसते.

मला ट्रे घेऊन चालायला लावलं. डावीकडे शाल, मधे श्रीफळ, उजवीकडे सन्मानचिन्ह. ट्रे पुढे करायचा, मग तीन पावलं मागे. हे सगळं पाच वेळा. सहाव्यांदा का नाही, असं क्षणभर मनात आलं. मग आठवलं, मॉरल सायन्सच्या तासाला सांगायचे की येशूने स्वतः खाली बसून शिष्यांचे पाय धुतले. म्हणजे आधी सेवा, मग सन्मान. कॉन्व्हेंटची पद्धतच ही. बाहेरच्यांना कळणार नाही. आशुतोषला समजावून सांगितलं. तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता.

३० जानेवारी
सीवूड्सला पार्लर. फेशियल, मॅनिक्युअर, गडद लाल नेलपॉलिश. सई क्लास बुडवून येणार आहे. तिसऱ्या रांगेत बसून व्हिडिओ काढ, असं बजावलंय. आशुतोष म्हणाला, अजून वेळ आहे, मी करतो सिस्टरना फोन. मी त्याच्या हातातून मोबाईल हिसकावून घेतला.

गणपतीला नारळ बोलले. मदर मेरीला मेणबत्ती. कोणीतरी ऐका.

३१ जानेवारी. संध्याकाळी
पहिलं नाव. ट्रे नेला, तीन पावलं मागे. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवी सुचिता. शाल घेताना हात मोकळे हवेत म्हणून तिने आपली पर्स माझ्या ट्रेमध्ये ठेवली. थँक्स हं मॅम, म्हणाली. ओळखलं नाही. पण विश्वास असल्याशिवाय कोणी पर्स देत नाही.

मग मी ट्रे टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. सिस्टर माइककडे गेल्या. मी एक पाऊल पुढे टाकलं.

राष्ट्रगीत सुरू झालं.

तिथेच सावधान उभी राहिले. स्टेजच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढे, एकटी. बावन्न सेकंदांचं असतं. समोर सई सावधान. मोबाईल तिने खाली केला होता.

नंतर चहाच्या तिथे सुचिताची आई, पुतळाबाई, आली. पंच्याहत्तरीची असेल. तू स्मिता ना गो, म्हणाली, आमचे सुचिताचे बाकावरची? पोर रोज सांगाची, स्मिता माजी मैतरीन हाय.

म्हणजे बाकाचं तिने घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आज पहिल्यांदा लाज वाटली, तीस वर्षांनी.



१ फेब्रुवारी
शाळेच्या पेजवर फोटो आलेत. पाचही सत्कारांत मी आहे. कोपरापासून खाली.

सईने झूम करून बघितलं. नेलपॉलिश मस्त दिसतंय मम्मा, म्हणाली. मग हळूच म्हणाली, एंट्रन्सच्या फॉर्ममध्ये अजून करेक्शन करता येतं, काय लिहू?

म्हटलं, राहू दे आहे तेच.

फेशियल उगाच केलं.