मास्तरांचा डावा हात

३ मार्च
नवी नोकरी, स्वतंत्र खोली, खिडकीत ऊन. आणखी काय हवं? पेशंट चौऱ्याण्णव वर्षांचे. साठ वर्षं शिंपीकाम केलेलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. अर्धांगाच्या झटक्यात डावी बाजू गेली आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, नको. घास भरवतानाही नको, आणि तोंड मात्र आ! सूनबाई स्वतः सत्तरीच्या. त्यांनी मास्तरांचा लुळा हात माप घ्यायच्या टेपने पलंगाला बांधलाय. सोडू नका म्हणाल्या. मी मान डोलावली. पण बांधलेला हात आखडतो, हे पंधरा वर्षं आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मला कुणी शिकवू नये.

५ मार्च
सूनबाई बाजारात गेल्या आणि मी गाठ सोडली. मास्तर नको नको म्हणत रडले. झटक्यानंतर माणूस उगाच रडतो, म्हणून डोळे पुसले. ते डावखुरे. ओळखीची वस्तू दिली की हात लवकर जागा होतो. कपाटात पार तळाशी त्यांची कात्री सापडली, ती मुठीत दिली. अंगठा हलला! मला कोण आनंद झाला. सूनबाई यायच्या आत पुन्हा बांधला. आता रोज हेच.

८ मार्च
हात चांगला उठतोय. मास्तर त्याच्याकडे बघतही नाहीत, जणू परक्याचाच. आज चादर बदलताना त्या हाताने टेप माझ्या गळ्याभोवती फिरवली. मला हसू आलं. माप घेतल्यासारखं बोट चौदा इंचांवर थांबलं होतं.

१० मार्च
उशी फाडलेली. कात्री गायब. सूनबाईंना सगळं सांगितलं. तेव्हा कुठे त्या बोलल्या. आधीच्या बाईंचा अंगठा त्या हातानेच तोडला होता म्हणे. लाजेपायी मला सांगितलं नाही. रात्रीपुरती त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घातलीय. उद्या उजाडताच दोघी मिळून घट्ट बांधू.

११ मार्च, सकाळ
सूनबाई एकट्याच गेल्या बांधायला. मी पोचले तेव्हा कात्री त्यांच्या गळ्यात मुठीपर्यंत— भिंतीवर रक्त— मास्तर उजव्या हाताने डाव्याला मारत होते, नको नको—

न्हाणीघरात आहे, बाहेरचं दार पलंगापलीकडे. कडी लावली. फोन बाहेर राहिला. वही तेवढी खिशात—

धप्प झालं. मास्तर पलंगावरून पडले. आता फरशीवर घासत— तो हात त्यांना ओढत आणतोय. मास्तर हुंदके देताहेत. त्यांचं ऐकायला हवं होतं मी.

दाराची खालची फळी कुजकी— कात्री शिरली— बोटं आत—

पाय धरला— टेप—

मास्तर ओरडताहेत. मीही तेच ओरडतेय, न—