पालथी ताटं

आई, आज दुपारभर मला आपली लालबागची खोली दिसते आहे. माझं ऑफिस तिथून जवळच, परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. कॉम्प्युटरवर दिवसभर काय करतेस, असं तू विचारायचीस आणि मला कधी नीट सांगता आलं नाही. तुझ्या खानावळीसारखी आमचीही खानावळच आहे ग एका परीनं. चूल, भांडी, मसाला आमचा. लोक येऊन आपापले प्रोग्रॅम रांधतात.

या आठवड्यात त्यांच्यासाठी बरंच नवं येतंय. लिहिता लिहिता चूक दाखवणारी सोय, पुढची ओळ सुचवणारी सोय, तयार नमुने, शिकायला धडे. मराठीतले धडे मी लिहिले. पण नवं आलं की जुनं काढायचं. जुने प्रोग्रॅम आमच्याशी ज्या वाटेनं बोलतात, ती वाट सोमवारी बंद व्हायची होती. ती वापरणारे आता थोडेच, त्यातला एक वरळी कोळीवाड्यातला. त्यानं स्वतःच शिकून केलेल्या प्रोग्रॅममुळे बोट बंदराजवळ आली की घरोघरी फोनवर निरोप जातो आणि बायका पाट्या घेऊन निघतात. वाट बंद झाली की निरोपही बंद. त्यानं आमची सूचना वाचली नाही म्हणून मी फोन केला, तो बायकोनं उचलला. ते बोटीवर गेलेत, आल्यावर सांगते, म्हणाली.

फोन ठेवला आणि तुझी फळी आठवली. गिरण्यांचा संप लांबला तसे आपल्याकडे जेवणारे गिरणीवाले एकेक करून गावी गेले. प्रत्येकाच्या ताटावर त्याची खूण कोरलेली. तू ती धुऊन फळीवर पालथी घालायचीस. पालथं ताट म्हणजे माणूस यायचा आहे, त्यात दुसऱ्याला वाढायचं नाही. नवे जेवणारे आले त्यांना तू पत्रावळीवर वाढलंस. शेजारची काकू हसायची, "गिरणीचा भोंगा बंद झाला, तुझी फळी अजून पाळीवरच." कधीपर्यंत ठेवणार, असं तिनं विचारलं की तू म्हणायचीस, "ते येईसर."

अजून दिसतं, लहानगी मी उंबऱ्याशी लिहायची पाटी घेऊन बसले आहे. दारात आपल्याकडे जेवणारा, गिरणीत माग चालवणारा साचेवाला उभा, दाढी वाढलेली, गिरणीनं परत घेतलं नाही हे न सांगता कळतंय. चप्पल काढत नाही. हळूच म्हणतो, "वयनी, माझा ताट आसा?" तू तव्यावरची नजर न काढता म्हणतेस, "जाग्यार आसा. धुवन घे, धूळ बसली आसतली." तो नळावर कितीतरी वेळ ते ताट धूत राहतो.

आज मीटिंगमध्ये आमच्या साहेबानं, माझ्याहून बराच लहान आहे तो, विचारलं, "ताई, इतक्या थोड्या लोकांसाठी जुनं किती दिवस सांभाळायचं?"

"त्या कोळ्याची बोट बंदराला लागेपर्यंत," मी म्हणाले.

सगळे हसले. मग साहेबही हसत म्हणाला, "बरं, लागू दे."

नव्या सोयींची माहिती लिहायला घेतलेल्या पानावरच हे सगळं उतरलं आहे. आता पुसायला हवं. त्याआधी एक सांगते. तू गेल्यापासून तुझं ताट माझ्या स्वयंपाकघरात आहे. घरातले विचारतात तेव्हा मी म्हणते, झाकण म्हणून ठेवलंय. त्यानं मी कधीच काही झाकलेलं नाही. मांडणीवर ते पालथंच असतं.